बुधवारचा उपास

आर. के. पुरम
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

रेवती,

तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस. फॅमिली ग्रुप तर आईच्या तेराव्यालाच सोडलास, पंगतीत बसल्याबसल्या, डाव्या हाताने. टपालाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

घाबरू नकोस, भांडायला लिहीत नाहीये. भांडण तू जिथे ठेवून गेलीस तिथेच आहे. "ताई, आई तुझ्या घरात भुकेली गेली." सगळ्यांसमोर म्हणालीस, आणि मग मठ्ठा मागितलास. मी आयुष्यभर सगळ्यांना उत्तरं दिली, जॉइंट सेक्रेटरीलासुद्धा दिली, म्हणून तर बढती अडली. तुला देता आलं नाही. आईच्या खाण्याचा तो कागद फ्रिजवर मी चिकटवला होता हे खरं, पण लिहिला होता शुगरच्या डॉक्टरांनी. भात इतका, पोळी इतकी, गोड नाही. आणि आई जेवून उठल्यावर तासाभरात स्वयंपाकघराच्या दारात उभी. "काहीतरी दे गं खायला." मी म्हणायची, "आई, आत्ताच जेवलीस." ती म्हणायची, "हो का?" आपल्याला वाटायचं, विसरते.

असो. मला पाठीबद्दल लिहायचं आहे. हसू नकोस. माझी पाठ दुखते.

सरकारी नोकरीत पाठ दुखणं ही काही बातमी नाही, आमच्या मजल्यावर ज्याची दुखत नाही त्याच्याकडे कामं नाहीत असं समजतात. पण ही ती पाठ नाही. कंबरेत नाही, मानेत नाही. खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, जरा खाली, एकाच ठिकाणी. तुला ती जागा माहीत आहे. जेवताना आपण पोक काढून बसलो की आई वाढता वाढता मागे यायची आणि बोटाचं पेर तिथे टेकवायची. "पाठ." एवढंच म्हणायची. आपण ताठ.

तिथेच. तसंच. फक्त ते बोट उचलत नाही कोणी.

उन्हाळ्यात सुरू झालं. तू ते बोललीस त्यानंतर मी आईचा वार धरला होता, ती गेली तो बुधवार. वर्ष होईपर्यंत बुधवारी संध्याकाळपर्यंत काही खायचं नाही, नुसता चहा. तुला सांगणार नव्हते. तुझ्यासाठी धरलेला नाही. शेजारच्या टेबलावरचा विश्वास विचारतो, "मॅडम, बुधवार कुठल्या देवाचा हो?" मी सांगितलं, "फायनान्स डिव्हिजनचा. त्या दिवशी फायली परत येतात."

बुधवारी ते बोट सगळ्यात जोरात टेकतं, रेवा. तिच्याच वारी. बाकी काही नाही, एवढंच सांगायचं होतं.

सुनीतीताई


आर. के. पुरम
रविवार, २३ नोव्हेंबर

रेवती,

मागच्या पत्राची पोच आली, सही तुझ्याऐवजी तुझ्या नवऱ्याची, अनुरागची. उत्तर नाही आलं. स्पीड पोस्टच्या काउंटरवरच्या बाईने पाकीट हातात तोलून विचारलं होतं, "मैडम, डॉक्युमेंट है?" मी म्हटलं, "नहीं, शिकायत है." ती म्हणाली, "तो फिर रजिस्ट्री करवाओ ना." दिल्लीत माणसं समजूतदार असतात.

पाठीचं सांगते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला आणि म्हणाले, वयानुसार झीज आहे. मी म्हटलं, वयानुसार झिजलं नसतं तर तुम्ही काय म्हणाला असता? ते म्हणाले, व्हिटॅमिन डी. विश्वासने गादी बदलायला सांगितली, सेक्शनमधल्या बंगाली बाईंनी खुर्ची. फिजिओथेरपीच्या मुलाने मला तीन आठवडे मांजरासारखं वाकवलं आणि उंटासारखं उभं केलं. ज्याच्याकडे जे विकायला होतं, त्याने तो आजार मला दिला. बोट होतं तिथेच.

मग आईच्या कपाटात तुझ्या गोळ्या सापडल्या. तू दर रविवारी तिच्या पाठीसाठी आणायचीस त्या, निळ्या पट्टीच्या, अनुरागच्या ऑफिसातल्या ऑर्थोने लिहून दिलेल्या. आई किती कौतुक करायची! "रेवाच्या गोळीने बरं वाटतं. सुनीती नुसता कागद लावते." अर्ध्याअधिक उरल्या आहेत. मी एक घेतली, बरं वाटलं. आता रोज घेते, बुधवारी दोन. घ्यायच्या वेळी पोटात काही नसतं, त्यामुळे लवकर लागू पडतात असं वाटतं.

पण खरी गंमत पुढे आहे. गंमत नव्हे, दुसरा शब्द सुचत नाही.

खाल्लं की ते बोट उचललं जातं. एकदम नाही, दोन-चार घासांनी. ऑफिसात अकराच्या सुमाराला ते टेकतं, मी ड्रॉवरमधलं बिस्किट खाते, आणि ते जातं. जेवणाआधी येतं, जेवले की जातं. पुन्हा दोन-तीन तासांनी दारात. तुला काही आठवतंय का? मला आठवलं तेव्हा माझ्या हातात बिस्किटाचा अर्धा तुकडा होता आणि समोर अवर सचिव उभे होते. मी त्यांना म्हटलं, "बसा ना." त्यांना कधी कोणी बसा म्हणत नाही, ते बिचकले.

आणि त्याला आवडनिवड आहे. लोणच्याने चिडतं. दुधाने शांत होतं. केळ्याने होतं. मऊ शिऱ्याने तर असं सुटतं की डोळ्यांत पाणी यावं. कागदावर आईला ज्या गोष्टींना काट मारली होती, नेमक्या त्या.

मी साठीकडे निघालेली, भुताखेतांवर ऑफिसात हसणारी बाई आहे. बाबांच्या श्राद्धाला भटजींना "पावती द्या" म्हणणारी मी. पण तुला सांगते, जेवणाच्या टेबलाशी माझी खुर्ची भिंतीला चिकटून असायची, ती मी एक हात पुढे ओढून घेतली आहे. मागे जागा असावी म्हणून. कोणासाठी ते मी स्वतःलाही सांगितलेलं नाही. फूलवती झाडू मारायला येते. तिला मी काही बोलले नव्हते. ती सगळीकडे झाडते, खुर्चीच्या मागे मात्र वळसा घालते. काल मी म्हटलं, "वहाँ क्यों नहीं लगाती?" तर म्हणाली, "लगाती हूँ ना, दीदी." आणि पुन्हा वळसा घातला.

सुनीतीताई


आर. के. पुरम
गुरुवार, ११ डिसेंबर

रेवा,

काल बुधवार होता. सकाळपासून धुकं आणि धूर एकत्र, खिडकीबाहेर समोरचं क्वार्टरसुद्धा नाही. ऑफिसला गेले नाही. तुझ्या दोन गोळ्या घेतल्या, चहा घेतला आणि आईच्या खोलीत बसून राहिले.

ते आलं. या वेळी बोट नव्हतं, मूठ होती. मागून पुढे, पोटापर्यंत आरपार. मी पुढे वाकले, गुडघ्यांवर कपाळ टेकेपर्यंत, तेव्हा जरा सैल झालं. दुपारभर मी तशीच बसले होते. आई शेवटी शेवटी तशीच बसायची, आठवतं? पलंगाच्या कडेवर, उशी पोटाशी धरून, वाकून. तू म्हणायचीस, देवाचं नाव घेतेय, बोलावू नका तिला. मी म्हणायची, टीव्हीवर रुसलीय.

फूलवती भांडी घासत होती. ती एकदम हात धुऊन आत आली, घाबरलेली. "दीदी, आपने आवाज़ दी?"

"नहीं तो."

"माताजी जैसी आवाज़ थी. वही मराठी में... खायला दे, खायला दे."

रेवा, मी काही बोलले नव्हते. निदान मला तसं वाटत होतं. पण माझ्या तोंडाला कोरड पडली होती, जशी खूप वेळ बोलल्यावर पडते.

फूलवतीने काही न विचारता शिरा केला. तूप जास्त घातलं होतं. बुधवार होता, उपास होता, तरी मी तो कढईतूनच खाल्ला, उभ्याने, चमचा न घेता. आणि बोट उचललं गेलं. मागे वळून पाहिलं नाही. फूलवतीने पाहिलं. तिला विचारायचं धाडस मला झालं नाही आणि सांगायचं तिला.

आणखी एक गोष्ट आहे, कोणाला सांगण्यासारखी नाही, पण तू आईला उचलून बाथरूममध्ये नेलेलं आहेस, तुला घाण वाटणार नाही. मला डांबरासारखं काळं होतंय. आईला शेवटच्या आठवड्यात होत होतं तसं. तेव्हा आपण लोहाच्या गोळ्यांना दोष दिला. मी लोह घेत नाही.

एकदा तरी फोन कर. भांडायला कर. तू त्या दिवशी म्हणालीस ते शब्दच्या शब्द पुन्हा म्हण, पण फोन कर. ती खरंच भुकेली गेली असेल आणि म्हणून माझ्या पाठीशी उभी असेल, तर मला दुसऱ्या कोणाला तरी ते विचारायचं आहे. आणि मला तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.

ताई


रविवार, २८ डिसेंबर
(हे पोस्टात टाकणार नाही. निदान आज नाही.)

रेवती,

जिवंत आहे. बुधवारी ऑफिसच्या जिन्यात पडले. विश्वासने उचललं म्हणे. एवढ्या जाडजूड बाईला उचलून त्याची पाठ आता खरोखर गेली आहे. डोळे उघडले तेव्हा हाताला कोणाचं तरी रक्त चढत होतं आणि एक डॉक्टर मुलगी माझ्याकडे बघत होती. शिवांगी तिचं नाव, साताऱ्याची निघाली. "काकू, किती दिवस काळं होतंय?" मराठीत विचारलं. दिल्लीत मराठीत कोणी असलं काही विचारलं की रडूच येतं.

घशातून नळी घालून तिने मला पडद्यावर माझंच पोट दाखवलं. जठराच्या पुढे जिथे आतडं सुरू होतं, तिथे मागच्या भिंतीला एक खड्डा. पांढरट, काठ लाल, मध्ये काळा ठिपका. अल्सर. ती म्हणाली, "हा मागच्या बाजूला आहे ना, म्हणून तुम्हाला पोटात न दुखता पाठीत दुखायचं. पोट रिकामं झालं की दुखतं, खाल्लं की थांबतं. उपास वगैरे करत होता का?"

मी म्हटलं, "बुधवारचा."

"बुधवार कुठल्या देवाचा?"

सगळे हेच विचारतात.

मग तिने गोळ्यांचं विचारलं. मी पर्समधून निळी पट्टी काढून दिली. तिने ती उलटसुलट पाहिली आणि तिचा चेहरा शाळेतल्या बाईंसारखा झाला. "ही रिकाम्या पोटी? रोज? काकू, दुखणं याने दबतं खरं, पण अल्सर असेल तर खड्डा आणखी खोल होतो. त्यातून शीर फुटते. तुम्ही थोडक्यात वाचलात. वय जास्त असतं तर..."

तिने वाक्य सोडून दिलं. मी ते उचललं. तेव्हापासून हातातच आहे.

आई ऐंशीला आली होती, रेवा. तिची पाठ दुखायची. खाल्लं की थांबायची, म्हणून ती दारात उभी राहायची. ती विसरत नव्हती, आणि ती भुकेलीही नव्हती. तिला दुखत होतं आणि घास हेच तिचं औषध होतं. मी ते कागदावर बघून नाही म्हणत होते, हे माझं. पण मी नाही म्हटल्याने ती गेली नाही. ती काळं करत गेली, फिकट होत गेली आणि एका सकाळी बाथरूममध्ये बसलेली तशीच कलंडली. सर्टिफिकेटवर हृदय लिहिलं. हृदय सगळ्यांचंच थांबतं, लिहिणाऱ्याचं काय जातं.

डॉक्टर मुलीने विचारलं, "आईंनाही असंच होतं का? त्याही पेनकिलर घ्यायच्या?"

आता तू मला सांग, गेले दहा महिने मी या एका प्रश्नासाठी जगत होते की नाही? पंगतीतला तो प्रत्येक चेहरा मला आठवतो. मावशीने पानावरून हात उचलला होता. त्या सगळ्यांना पुन्हा एकदा ओळीने बसवावं आणि वाढता वाढता सांगावं: आई भुकेली गेली नाही. रेवती दर रविवारी नोएडाहून मेट्रोने यायची आणि

हे वाक्य मी तीनदा लिहायला घेतलं. माझी जीभ अशी आहे की आयुष्यात हाताशी आलेलं वाक्य मी कधी वाया जाऊ दिलं नाही. हे सगळ्यात धारदार आहे.

आणि आणखी एक. ती म्हणाली, अल्सर पाडणारा एक जंतू असतो. पोटात राहतो. बहुतेकांना लहानपणीच घरातून मिळतो, आणि मग तो जन्मभर गप्प बसून असतो. "लहानपणी तुम्हाला आईने घास चावून भरवले होते का? आमच्याकडे जुन्या बायका करायच्या." करायचीच ना! भाकरी स्वतः चावून मऊ करायची, एक घास तुला, एक मला. तू दात आल्यावरही तसाच मागायचीस.

म्हणजे माझ्या पाठीमागे कोणी उभं नव्हतं. आत होतं. तिच्या तोंडातून माझ्या तोंडात आलेलं, जिवंत, पन्नास वर्षं. आता दोन आठवडे औषधं घेऊन मी ते मारणार आहे. भूत असतं तर बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं. भुताला निदान मारावं लागत नाही.

ताई


आर. के. पुरम
रविवार, ४ जानेवारी २०२६

प्रिय रेवा,

हे पत्र अनुरागच्या हाती देते आहे. तू फोडणार नाही म्हणालीस तर वाचून दाखव, असं त्याला सांगितलंय. ऐकायचं नसेल तर कानावर हात ठेव, पण घरातून उठून जाऊ नकोस, लिफ्ट तुमची नेहमी बंद असते.

त्याच्यावर रागावू नकोस. मी आजारी होते हे त्याला विश्वासकडून कळलं म्हणून तो आला. येताना माझी तीनही पाकिटं घेऊन आला. तू एकही फोडलं नव्हतंस. बरं केलंस. ती मी त्याच्याकडून परत घेतली आहेत, त्यात काही नव्हतं, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईचं पाठीचं रडगाणं. तू वाचली नाहीस हेच मला महत्त्वाचं आहे, कारण त्याने मला जे सांगितलं ते तू माझ्याकडून घेतलेलं नाहीस.

तो सांगत होता, तुझीही पाठ दुखते. दोन फऱ्यांच्या मध्ये. तू अकराला बिस्किट खातेस. तू डायनिंगच्या खुर्चीमागे कोणाला उभं राहू देत नाहीस. सोफा सरकवलास. अनुराग म्हणाला, "ताई, मी कोणाला बोललो नाही. ती म्हणते आई येते. भुकेली आहे म्हणते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, आईला औषध देऊन घालवू का?" तो हे सांगत असताना मी माझ्या खुर्चीत बसले होते आणि माझ्या मागची जागा अजून तशीच रिकामी होती. तुझ्या सतराव्या मजल्यावर आणि माझ्या या क्वार्टरमध्ये, एकमेकींचं तोंड न बघता, आपण दोघी एकच जागा झाडायची सोडत होतो.

आता ऐक. ताई म्हणून सांगते, पूर्वी तू ऐकायचीस तसं ऐक.

तुझ्या मागे आई नाही. मला होतं ते तुला आहे. आईने चावून भरवलेल्या घासांतून आपल्या दोघींच्या पोटात एक जंतू आला, त्याने पोटात खड्डा पडतो आणि दुखतं पाठीत. खाल्लं की थांबतं, म्हणून वाटतं कोणीतरी भुकेलं आहे. मी माझ्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिला. नळी घशातून जाताना जीव जातो असं वाटतं, जात नाही. मंगळवारी डॉ. शिवांगीकडे तुझी वेळ घेतली आहे. मराठी बोलते. तिला फाजील प्रश्न विचारायची सवय आहे, तू फक्त तुझ्या पाठीचं सांग, बाकीचं मी तिला सांगितलं आहे. आईचंही सांगून झालंय, ते पुन्हा काढू नकोस.

आणि आई. आई भुकेली गेली, तू म्हणालीस ते बरोबर होतं. ती दारात उभी राहायची आणि मी तिला कागद दाखवायची. तुला ते दिसलं, मला दिसलं नाही. तेराव्याला आलेल्यांना कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. तेव्हा तिला यायचंच असेल तर ती माझ्याकडे येईल, तिचा हिशेब माझ्याशी आहे. तुझ्याकडे यायला तिला काही कारणच नाही. तू तर दर रविवारी तिच्यासाठी येत होतीस. तुझ्या येण्याने तिला बरं वाटायचं, हे ती मला तोंडावर सांगायची.

मी जंतू मारायची औषधं घेते आहे, निम्मी झाली. तोंड कडू झालंय, पाठ शांत आहे. खुर्ची अजून भिंतीला लावलेली नाही. फूलवती विचारते, लावू का? मी म्हणते, राहू दे, रेवा आली की बघू.

बुधवारचा उपास मी सोडला. तूही गुपचूप काही धरलं असशील तर सोड, मला तुझा स्वभाव माहीत आहे.

आणि तुझ्या पर्समध्ये, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, जिथे असतील तिथल्या त्या निळ्या पट्टीच्या गोळ्या आजच्या आज फेकून दे. मंगळवारपर्यंत थांबू नकोस. पोटाला चांगल्या नसतात, डॉक्टर म्हणाली.

एवढंच म्हणाली.

तुझी,
ताई